मिलपीटसमधली ‘मिल’

मिलपीटस, कॅलिफोर्निया
११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मागच्या रविवारी फोनवर तू सहज विचारलंस, “तुमच्या गावाच्या नावातच मिल आहे, म्हणजे तिथं गिरणी होती का गं?” मी नाही म्हटलं आणि बोलणं अण्णांच्या गुडघ्याकडे वळलं. पण फोन ठेवल्यापासून ते डोक्यातून जाईना. नाही म्हणाले ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं फोनवर सांगण्यासारखं नाही, शिवाय अण्णांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून पत्रच लिहिते आहे. सावकाश वाचा. अण्णा, हे पत्र जास्त तुमच्यासाठी आहे.

आधी नावाचं सांगते. इथली माणसं ‘मिल-पी-टस’ म्हणतात, जोर मधल्या ‘पी’वर. नाव स्पॅनिश वळणाचं असलं तरी मूळ शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल या जुन्या भाषेतला आहे. ‘मिल्पा’ म्हणजे मक्याचं शेत. पण नुसता मका नाही. मक्याच्या ताटांवर घेवड्याचे वेल चढवायचे आणि खाली जमीन झाकायला भोपळा पसरायचा. आजी परसात मक्याच्या आधारानं वाल लावायची ना, तसंच. तर मिलपीटस म्हणजे मक्याची छोटी छोटी शेतं. गिरणीचा आणि त्या ‘मिल’चा काही संबंध नाही. पण गिरणीसारखंच दुसरं काहीतरी या शेतांत नंतर येऊन उभं राहिलं, आणि ते कसं आलं, कसं गेलं हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

गाव कुठं आहे ते आधी डोळ्यासमोर आणा. दादाला म्हणावं, मोबाइलवर नकाशा उघडून दाखव. सॅन फ्रान्सिस्कोची खाडी समुद्रातून आत शिरते आणि दक्षिणेकडे निमुळती होत जाते. ती जिथं संपते तिथं उजव्या हाताला आम्ही. खाली सॅन होजे, वर फ्रीमॉन्ट, पश्चिमेला खाडीचा चिखलाट आणि जुनी मिठागरं, पूर्वेला डोंगराची रांग. पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये मुंब्रा जसं बसलंय, तसं. फक्त सपाट जागा इथं जास्त. क्षेत्रफळ सगळं मिळून पस्तीस चौरस किलोमीटरच्या आसपास आणि वस्ती २०२०च्या जनगणनेत ८०,२७३. डोंबिवलीच्या मानानं एखादा कोपराच म्हणायचा. पण याला स्वतःची नगरपालिका आहे, स्वतःचा महापौर आहे, आणि त्यामागे मोठी कथा आहे. ती पुढे येईल.

डोंगराबद्दल मात्र आत्ताच लिहिते, कारण हे लिहिताना तो समोर दिसतो आहे. इथला पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि तोही वर्षाला पंधरा इंचांच्या आसपास. आपल्याकडे माघात डोंगर पिवळे पडू लागतात. इथं आत्ता माघात ते असे हिरवे आहेत की आषाढातला माळशेज आठवावा. मे आला की सगळं गवत वाळून सोन्यासारखं होतं आणि दिवाळीपर्यंत तसंच राहतं. पहिल्या वर्षी मला हे फार जड गेलं, वर्षच उलटं फिरतंय असं वाटायचं. आता सवय झाली. उतारावर गायी चरतात. गावातल्या लोकांनी मतदान करून डोंगरावर घरं बांधण्याला मर्यादा घातली आहे, म्हणून चरायला जागा तरी उरली. याच डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत हेवर्ड नावाची भूकंपाची भेग आहे. तिच्यावर १८६८ साली मोठा भूकंप झाला होता. आमच्या घरात पुस्तकांचं कपाट भिंतीला पट्ट्यांनी आवळलंय ते त्यासाठीच. तुम्ही व्हिडिओवर पाहून विचारलं होतंत ना, कपाटाला बांधून का ठेवलंय, त्याचं हे उत्तर.

या जागेत सगळ्यात आधी राहिली ती ओलोनी लोकांतली तामिएन भाषा बोलणारी माणसं. हजारो वर्षं. खाडीतले कालव-शिंपले खाऊन टाकलेल्या कवचांचे त्यांचे मोठाले ढीग या भागात सापडले आहेत. त्या ढिगांत ते आपल्या माणसांना पुरतही असत. मग १७७७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी दक्षिणेकडे सांता क्लाराचं मिशन उभारलं आणि १७९७ साली उत्तरेला सॅन होजे मिशन. मधल्या पट्ट्यातल्या या लोकांना दोन्हीकडे ओढून नेलं, कामाला जुंपलं, आणि साथीच्या रोगांत ते मोठ्या संख्येनं गेले. इतिहास लिहिताना हा भाग लोक दोन ओळींत उरकतात. मीही फार लिहू शकत नाही, पण गाळवत नाही. त्यांचे वंशज आजही याच खाडीच्या काठच्या गावांत राहतात.

मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर मिशनच्या जमिनी वाटल्या गेल्या. १८३५ साली इथली ४,४५८ एकर जमीन होसे मारिया अल्विसो या माणसाला मिळाली. त्याच जमिनीवर निकोलास बेरिएसा याचाही हक्क होता म्हणे. पुढे अमेरिकन राज्य आल्यावर ते प्रकरण कोर्टात गेलं आणि बेरिएसाचा दावा टिकला नाही. जमिनीचे कज्जे काय फक्त कोकणातच होतात असं नाही, अण्णा. अल्विसोनं १८३७च्या सुमारास बांधलेलं घर अजून उभं आहे. पिडमाँट रोड आणि कॅलावेरस रोड जिथं मिळतात त्या कोपऱ्यावर. खालचा मजला मातीच्या, उन्हात वाळवलेल्या विटांचा, वरचा लाकडी मजला आणि सज्जा १८५३ सालचा. मागच्या महिन्यात धाकटीला घेऊन गेले होते. भिंत हातभर जाड. उन्हाचा दिवस होता, तरी भिंतीला तळवा लावला तर गार. मातीत गवत कालवून केलेल्या त्या विटा पाहिल्या आणि गावच्या घराची मागची पडवी आठवली. धाकटी म्हणाली, “आई, हे पणजीचं घर आहे का?” तिनं गावचं घर फक्त फोटोत पाहिलंय. तरी तिला ते वाटलं, याचं मला बरं वाटलं.

१८४८ साली हा सगळा मुलूख अमेरिकेकडे आला. सोन्याच्या शोधात आलेल्यांपैकी ज्यांना सोनं मिळालं नाही ते इथं शेती करू लागले. १८५६ साली एका दुकानात पोस्ट निघालं, तेव्हा गावाला नाव देण्याची वेळ आली. जवळच्या ओढ्याचं नाव पेनिटेन्सिया, म्हणजे प्रायश्चित्त. तेच नाव द्यावं असं चाललं होतं. पण पोस्टात मदतनीस असलेल्या जोसेफ वेलर यांना ते इंग्रजीतल्या तुरुंगाच्या शब्दासारखं वाटलं. म्हणून मग मिलपीटस. एका मदतनिसाच्या मनाला पटलं नाही म्हणून हे नाव आज माझ्या पत्त्यात आहे. १८६९ साली सॅन होजेहून नाइल्सकडे जाणारा रेल्वेमार्ग गावातून गेला. तोच पुढे देशाच्या आरपार जाणाऱ्या रुळांना मिळाला, आणि इथला माल बाहेर जाऊ लागला. गवताच्या गंज्या, स्ट्रॉबेरी, अस्परॅगस, जर्दाळू, भाजीपाला. राबणारे हात पोर्तुगीज, चिनी, जपानी, मेक्सिकन. दुसऱ्या महायुद्धात या खोऱ्यातल्या जपानी शेतकऱ्यांना उभ्या पिकातून उठवून छावण्यांत डांबलं होतं, हेही इथंच घडलेलं.

असं शंभर वर्षं चाललं. मेन स्ट्रीटच्या आसपास थोडी घरं, खानावळ, १९१६ साली बांधलेली शाळा. ती शाळा अजून आहे. तिच्याच अंगाला जोडून गावानं मोठं ग्रंथालय बांधलं आणि जुनी इमारत त्यातच सामावून घेतली. पाडली नाही. दर शनिवारी धाकटीची गोष्टीची पुस्तकं बदलायला आम्ही तिथं जातो. हे सगळं मला कळलं तेही तिथल्याच एका कपाटामुळे, गावाच्या इतिहासाची पुस्तकं आणि कात्रणं असलेल्या.

आता मुख्य गोष्ट.

१९५०च्या आसपास फोर्ड मोटर कंपनीला आपला रिचमंडचा मोटारींचा कारखाना अपुरा पडू लागला. रिचमंड म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाला, इथून साधारण पन्नास मैल. कंपनीनं नव्या कारखान्यासाठी मिलपीटसची शेतं घेतली. सपाट जमीन आणि शेजारून रेल्वे. त्याच वेळी सॅन होजे शहर चारी बाजूंनी गावं गिळत सुटलं होतं. तुम्हाला आपल्या डोंबिवलीजवळच्या २७ गावांचं प्रकरण माहीत आहे, महापालिकेत जायचं की आपली वेगळी नगरपालिका करायची यावरून किती वर्षं सभा आणि मोर्चे चालले. इथंही तेच. कारखान्याचा कर सॅन होजेला जाणार आणि आपल्याला रस्त्यासाठी त्यांच्या दारात उभं राहावं लागणार, हे शेतकऱ्यांनी ओळखलं. २६ जानेवारी १९५४ रोजी मिलपीटसनं स्वतःची नगरपालिका स्थापन केली. हो, २६ जानेवारीच. तेव्हा वस्ती जेमतेम आठशेच्या घरात.

सात वर्षांनी सॅन होजेनं पुन्हा हे गाव आपल्यात ओढायचा घाट घातला. १९६१ साली मतदान झालं. गावकऱ्यांनी समिती केली आणि स्वतःला ‘मिनिटमेन’ म्हणवून घेतलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हाक आली की क्षणात शेतातून उठून लढायला निघणाऱ्या शेतकऱ्यांना तसं म्हणत. आपले मावळे जसे नांगर सोडून तलवार घ्यायचे, तसे. मतदानात विलीनीकरण साफ नाकारलं गेलं. नगरपालिकेच्या शिक्क्यावर आजही तो मिनिटमन आहे, हातात बंदूक आणि बाजूला नांगर. मी पाण्याच्या बिलावर तो शिक्का पाहत आले होते, पण हा नांगर कशाचा हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

कारखाना १९५५ सालच्या मे महिन्यात सुरू झाला. नाव सॅन होजेचं लागलं, जागा मिलपीटसची. फाल्कन, पिकअप ट्रक, आणि पुढे जगभर नाव झालेली मस्टँग इथून बाहेर पडली. पण अण्णा, मला गाड्यांपेक्षा माणसांचं सांगायचं आहे.

कारखाना रिचमंडहून हलला तेव्हा युनियननं करार करून घेतला, की तिथल्या कामगारांना इथं नोकरी मिळालीच पाहिजे. १,४०० कामगार. त्यांत सुमारे अडीचशे काळे. गोऱ्या कामगारांना इथल्या नव्या वसाहतींत घरं मिळाली, कारण सरकारी हमीची कर्जं त्यांना मिळत. काळ्यांना ना कर्ज, ना बिल्डर घर विकायला तयार. बरेच जण एकेका गाडीत दाटीवाटीनं बसून रोज पन्नास मैल येत आणि पन्नास मैल परत जात. तुम्ही पहिल्या पाळीसाठी डोंबिवलीहून चारच्या लोकलनं निघायचात ते दिवस मला आठवले. फरक एवढाच, की तुम्हाला जवळ घर परवडत नव्हतं. यांना पैसे देऊनही मिळत नव्हतं.

त्यांच्या युनियनचं नाव लोकल ५६०. तिनं घरांसाठी एक समिती नेमली आणि तिचं काम बेन ग्रॉस या काळ्या कामगाराकडे दिलं. सगळ्यांना, रंग न पाहता, विकली जातील अशी घरं बांधायची असा त्यांचा निश्चय. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका संस्थेनं साथ दिली. एका ठिकाणी जागा बघितली, तर तिथं निवासी जमीन रातोरात औद्योगिक ठरवली गेली. दुसरीकडे प्लॉटचं किमान क्षेत्रफळ वाढवलं, म्हणजे कामगाराला परवडूच नये. शेवटी मिलपीटसमध्ये जागा मिळाली, तर सांडपाण्याच्या जोडणीची फी दहापटीहून जास्त वाढवली गेली. शेजारीच फक्त गोऱ्यांसाठी वसाहत बांधणाऱ्या बिल्डरनं वेगळे अडथळे आणले. कायद्याच्या कागदावर कुठंही ‘काळे नकोत’ असं लिहिलेलं नव्हतं. सगळं नियमात बसवलेलं. हे वाचताना मला राग येत होता आणि त्याच वेळी त्या समितीच्या चिकाटीपुढे मान झुकत होती. कोर्टकचेरी, मोर्चेबांधणी, गोऱ्या सभासदांची साथ, सगळं करून युनियननं अखेर दोन्ही वसाहती मिळून एक केल्या. तीच सनीहिल्स. या देशात ठरवून मिश्र वस्तीची म्हणून बांधलेल्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. उशीर मात्र फार झाला होता. तोवर कितीतरी काळ्या कुटुंबांनी आशा सोडून दिली होती आणि ती रिचमंडलाच राहिली. जी आली त्यांनी हे गाव घडवलं. बेन ग्रॉस नगरपालिकेत निवडून आले आणि १९६६ साली महापौर झाले. गोऱ्यांचं बहुमत असलेल्या गावाचा काळा महापौर, आणि तो मोटार कारखान्यातला कामगार.

आमच्या गल्लीत समोरच्या घरात एक आजोबा राहतात, पंच्याऐंशीच्या पुढचे. मागे तुम्हाला व्हिडिओवर हात हलवला होता ते. त्यांचे वडील रिचमंडहून सनीहिल्सला आले तेव्हा हे सतरा-अठरा वर्षांचे. पुढे हेही लाइनवर लागले, दारं बसवायच्या खात्यात. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले तेव्हा त्यांना सांगितलं, की माझे वडीलही कामगार, मुंबईत कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. ते आत गेले आणि एक पत्र्याची डबी घेऊन आले. डबीत पितळेचा एक बिल्ला. रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याएवढा, वर भोक, मध्ये ठोकून काढलेला आकडा. हत्यारं घ्यायची असली की हा बिल्ला खिडकीत अडकवायचा आणि हत्यार परत केलं की बिल्ला परत. कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि आकडा न बघता पाठ म्हणून दाखवला. अण्णा, तुमचा तिकीट नंबर तुम्हाला असाच झोपेतून उठवून विचारला तरी येतो. मला पुढे बोलताच आलं नाही. त्यांनीही काही विचारलं नाही, मिसेसना हाक मारली आणि कॉफी मागवली.

ते अजूनही पहाटे साडेचारला उठतात. पहिल्या पाळीची सवय.

कारखाना बंद झाला २० मे १९८३ रोजी. तारखेकडे बघा. तुमचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला होता. म्हणजे इथं शेवटची गाडी लाइनवरून उतरली तेव्हा तिकडे तुम्ही सव्वा वर्ष घरी होतात, आईनं खानावळीचे डबे सुरू केले होते आणि मी बालवाडीत होते. जपानी गाड्या येऊन बाजार बदलला होता आणि पेट्रोल महागलं होतं. पलीकडे फ्रीमॉन्टचा दुसऱ्या एका कंपनीचा मोटार कारखानाही त्याआधी वर्षभर बंद पडला होता. तिथं मात्र पुन्हा गाड्या सुरू झाल्या, आणि आज दादाच्या पोराला वेड लावणाऱ्या टेस्ला त्याच आवारात बनतात. मिलपीटसचा कायमचा बंद झाला. दोन हजारांवर माणसं एका दिवसात मोकळी झाली.

पण एक गोष्ट इथं झाली ती तुम्हाला कळावी असं मला मनापासून वाटतं. बंद करण्याची सूचना सहा महिने आधी दिली गेली, आणि कंपनी व युनियन यांनी मिळून कारखान्याच्या आतच वर्ग सुरू केले. पाळी संपली की लेखन-वाचन, गणित, शाळेचं राहिलेलं प्रमाणपत्र, नवं काम शिकण्याचे अभ्यासक्रम. कारखाना बंद झाल्यावरही ते वर्ग काही काळ चालू राहिले. समोरचे आजोबा तेव्हा चव्वेचाळीसचे होते. दहावी अर्धवट सोडलेली. लाइनवर बारीक आवाजात इंजिनं चालू असताना पलीकडच्या खोलीत बसून त्यांनी अपूर्णांक शिकले, असं त्यांनीच सांगितलं. पुढे गावात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या येतच होत्या. त्यांतल्या एकीत ते लागले. सगळ्यांचं असं भलं झालं नाही. कित्येकांना पूर्वीचा निम्माही पगार पुन्हा मिळाला नाही, काहींची घरं गेली, हेही त्यांनी लपवलं नाही. तरीही सहा महिने आणि एक फळा, एवढं तरी त्यांच्या हातात होतं. तुम्हाला काय मिळालं ते मला माहीत आहे. गेटवरची नोटीस. देण्यांसाठी किती वर्षं फेऱ्या मारल्यात, आणि घराच्या सोडतीचा तो अर्ज अजून ट्रंकेत तसाच आहे. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तसं होऊ शकलं असतं, दुसरीकडे कुणीतरी केलं होतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं आणि ते तुमच्यापाशी बोलल्याशिवाय राहवलं नाही.

आणि आता आई, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. त्या कारखान्याचा काय झाला? मॉल. १९९४च्या सप्टेंबरमध्ये तिथं ‘ग्रेट मॉल’ उघडला. तेरा लाख चौरस फुटांच्या आसपास पसरलेला, एकाच छपराखाली. तू आली होतीस तेव्हा ज्या मॉलमध्ये आपण अण्णांसाठी लोकरीचा स्वेटर घेतला आणि चालून चालून तुझे पाय दुखले, तोच. तेव्हा मला माहीत असतं तर तुला सांगितलं असतं, की इतका लांबलचक मॉल का आहे. माणसांना फिरवायला तो बांधलाच नव्हता, गाड्या जोडत पुढे सरकवायला बांधला होता. लोअर परळला जे झालं ते इथं आधीच होऊन गेलं होतं. तिकडे निदान एखादी चिमणी राहिली आहे, बघितलं की कळतं. इथं बाहेरून काही कळत नाही.

गेल्या बुधवारी मी मुद्दाम सकाळी गेले. दुकानं उघडायच्या आधी म्हातारी माणसं आतून फेऱ्या मारतात, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, आपल्याकडचीही. मॉलची रचना अशी गोल आहे, की चालत राहिलं की निघालो तिथंच परत येतो. मी वर बघत चालले. छत फार उंच आहे, कापडाच्या दुकानाला लागतं त्याहून कितीतरी उंच. बाहेर पडले तर पलीकडच्या रुळांवर मालगाडी लागलेली. याच रुळांवरून पूर्वी गाड्यांचे सुटे भाग यायचे. रात्री मालगाडीचा भोंगा वाजतो तो मला आता वेगळा ऐकू येतो.

बाकी गाव आता चिपांचं आणि संगणकांचं आहे हे तुम्हाला माहीतच आहे, माझंही पोट त्यावरच. दहातली सात माणसं आशियाई वंशाची. इंडिया कम्युनिटी सेंटर आहे, तिथं ज्येष्ठांसाठी कॅरम आणि योगासनं चालतात. अण्णा, तुम्ही आलात की तुम्हाला तिथं नेणार आहे. २०२० साली बार्ट रेल्वेचं स्टेशनही झालं, मॉलच्या जवळच. घरांच्या किमती मात्र अशा आहेत, की ज्या कामगारांनी लढून ही वसाहत उभी केली त्यांच्यासारख्या पगारात आज इथं खोलीसुद्धा मिळणार नाही. सनीहिल्समधून जाताना मला दर वेळी हेच टोचतं.

अण्णा, आता तुमच्याकडे एक मागणं आहे. ग्रंथालयातल्या त्या कपाटात एक घडी घातलेला मोठा कागद आहे, कारखान्याचा नकाशा. रंगखातं कुठं, दारं कुठं बसायची, जेवणाची जागा कुठली, फाटक कुठलं. तो उघडून आजोबांनी बोट ठेवलं आणि सांगितलं, “मी इथं उभा असायचो.” आज त्या जागी बुटांचं दुकान आहे. तुमच्या गिरणीचा असा कागद कुठंच नाही. मी शोधला. तर तुम्ही काढा. दादाला मोठा ड्रॉइंगचा कागद आणायला सांगा. फाटक, भोंगा, कांडीखातं, साचेखातं, तुमचे साचे किती आणि कुठल्या ओळीत, मुकादम कुठं बसायचा, आईचा डबा घेऊन डबेवाला कुठल्या दारानं यायचा, सगळं. हात थरथरतो म्हणून रेघ वाकडी आली तरी चालेल. माणसांची नावं बाजूला लिहा, जी आठवतील ती.

मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते आहे, तिकीट काढलंय. तेव्हा तो कागद घेऊन आपण दोघं परळला जाऊ, टॅक्सीनं, गुडघ्याला त्रास होणार नाही. तुम्ही कुठं उभे असायचात ते मला दाखवा. धाकटीही बरोबर असेल.

आई, गुडघ्याचं तेल कुरिअरनं पाठवलंय, बाटली सांभाळून उघड. कोकम पाठवू नकोस, अजून आहेत. वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद, दादाला नमस्कार.

तुमची,
माई